विद्यार्थ्यांच्या चित्रपटांचा दिवस विभागात कसा भरवावा

विद्यार्थ्याने सहा महिने खपून केलेला दहा मिनिटांचा चित्रपट बहुतेक वेळा मोबाईलवरच पाहिला जातो. विभागाला त्याचे कौतुक करायचे असेल, तर तो एकदा तरी काळोख्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर, स्वच्छ आवाजात दाखवला पाहिजे. हार-तुरे, सन्मानचिन्हे नंतर. खाली दिले आहे ते गोव्यातल्या चित्रपट शिकवणाऱ्या विभागांसाठी आणि एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी.

सुरुवात तारखेपासून. जून ते सप्टेंबर नको: पत्र्यावर पाऊस वाजू लागला की हळू बोललेला संवाद गेलाच, वर विजेचा भरवसा नाही. चतुर्थीच्या दिवसांत सगळे गावी असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो (2004 पासून), तेव्हा चित्रपटाचे विद्यार्थी तिकडे. त्यानंतर जत्रांचा हंगाम. नाटकांमुळे लाईट-साऊंडवाले आधीच ठरलेले असतात, म्हणून त्यांना महिनाभर आधी सांगा. जानेवारीचा शेवट सगळ्यात सोयीचा. फेब्रुवारीत जायचे असेल तर कार्निव्हलची तारीख आधी पाहा. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला संपवा. काणकोण, सत्तरी, पेडणे इथल्या मुलांना घरी जायला बस मिळाली पाहिजे.

प्रवेशिका सहा आठवडे आधी मागवा, तीन आठवडे आधी बंद करा. लांबीची मर्यादा 20 मिनिटे, श्रेयनामावलीसह. अर्जात चार गोष्टी हव्यातच: चित्रपटाची भाषा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), संगीत कुणाचे, आणि पडद्यावर दिसणाऱ्यांची लेखी संमती आहे की नाही. संगीताच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. सिनेमातले गाणे पार्श्वसंगीत म्हणून वापरायचे तर ध्वनिमुद्रणाचे आणि गाण्याच्या रचनेचे असे दोन वेगळे हक्क घ्यावे लागतात. ते नसले तर चित्रपट विभागाबाहेर पाठवताना हमखास अडतो. बाहेरच्या प्रेक्षकांना तिकीट लावून किंवा खुले आमंत्रण देऊन दाखवणार असाल, तर सिनेमॅटोग्राफ कायदा 1952 प्रमाणे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. महोत्सवांसाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते. तो अर्ज वेळेत करा.

आता फाईल. खरी गडबड इथेच होते.

प्रत्येकाकडून दोन प्रती घ्या. मूळ प्रत प्रोरेस 422 एचक्यू या उच्च दर्जाच्या, जड फाईल-प्रकारात, आणि दाखवायची प्रत एच.264 एमपी4 या हलक्या प्रकारात: 1920 बाय 1080, साधारण 20 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), आवाज 48 किलोहर्ट्झ. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर मूळ प्रत मिनिटाला सुमारे 1.4 जीबी भरते, म्हणजे दहा मिनिटांना 14 जीबी. पेनड्राईव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या वरची फाईल त्यावर चढतच नाही. तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करून घ्या. फाईलच्या नावात अनुक्रमांक, चित्रपटाचे नाव आणि लांबी लिहायला सांगा. ‘फायनल’, ‘फायनल 2’ अशा नावाच्या फाईली परत पाठवा, नाहीतर ऐनवेळी जुनी प्रत लागते.

सबटायटल चित्रातच बसवून घ्या. सबटायटलची वेगळी एसआरटी फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की देवनागरी सबटायटलमधली जोडाक्षरे फुटू शकतात. सभागृहात कोकणी आणि मराठी बहुतेकांना कळते, तरी इंग्रजी सबटायटल हवीतच: बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी आणि चित्रपट पुढे पाठवण्यासाठी. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरे, अक्षरांना काळी कडा.

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सगळे चित्रपट त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवरून, त्याच प्रोजेक्टरवर लावून पाहा. प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा याचा हिशेब सोपा आहे: पडद्याची रुंदी गुणिले थ्रो रेशो (प्रोजेक्टरच्या माहितीत दिलेला आकडा). तीन मीटर रुंद पडदा आणि 1.5 रेशो असेल तर साडेचार मीटर. पूर्ण काळोखात हजारेक लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचे माप) पुरतात, पण आपल्या वर्गखोल्यांच्या खिडक्यांतून उजेड शिरतोच. म्हणून साडेतीन-चार हजारांचा घ्या आणि खिडक्यांना जाड काळे कापड लावा. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरपे चित्र प्रोजेक्टरच्या कीस्टोन सोयीने ओढून सरळ केले की बारीक तपशील पुसट होतो. कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र अडखळले, तर लॅपटॉपचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते) पाहा. 25 फ्रेमचा चित्रपट 60 हर्ट्झवर दचके खातो, 50 हर्ट्झ केले की सुरळीत चालतो. लॅपटॉपवरचे नोटिफिकेशन, झोप आणि अपडेट बंद करा.

आवाजाला मात्र चित्रापेक्षा जास्त वेळ द्या. विद्यार्थ्यांचे बहुतेक मिक्स हेडफोनवर झालेले असते, त्यामुळे सभागृहात संवाद दबतो आणि संगीत अंगावर येते. आणखी एक नेहमीची चूक: कॉलर माइक डाव्या चॅनलवर, बूम (काठीवरचा माइक) उजव्यावर, आणि एक्सपोर्टही तसाच. मग एका बाजूला बसलेल्यांना एकच माणूस ऐकू येतो. चाचणीत हे सापडले की फाईल विद्यार्थ्याकडे परत पाठवा, संवाद मधोमध आणून घ्या. आवाजाचे पीक, म्हणजे सर्वात मोठा क्षण, -1 डीबीच्या वर जाऊ देऊ नका. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून पाहा. ती थांबली तर दोष वीजजोडणीतला आहे. मिक्सरला जोडताना मध्ये डीआय बॉक्स (अशी गुणगुण अडवणारी छोटी पेटी) टाका. पातळी ठरवताना पंखे चालू ठेवा, कारण कार्यक्रमात ते चालूच असणार. भरलेले सभागृह आवाज शोषते, म्हणून रिकाम्या खोलीत ठरवलेल्या पातळीपेक्षा त्या दिवशी दोन-तीन डीबी वर जावे लागते. प्रत्येक चित्रपटासाठी फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कुठे होता ते कागदावर लिहून मिक्सरला चिकटवा.

चित्रपट 75-80 मिनिटांच्या दोन सत्रांत लावा. पहिला सात-आठ मिनिटांचा, पकड घेणारा. मृत्यू, आजार, हिंसा असे दोन जड विषय लागोपाठ नकोत. दोन चित्रपटांमध्ये आठ-दहा सेकंद काळा पडदा. निवेदकाने प्रत्येक वेळी मध्ये येऊ नये. दुपारी गोव्यातल्या एखाद्या स्वतंत्र दिग्दर्शकाचा चित्रपट त्याच्या उपस्थितीत दाखवा, आणि त्याला मानधन व प्रवासखर्च द्या. पैसे कुठून आणले, लोकेशन कसे मिळवले, वितरण कुठे अडले हे मुलांना अशाच माणसाकडून कळते. उद्घाटनाला समई लावण्यापासून भाषणांपर्यंत पंधरा मिनिटे. त्याहून जास्त झाले की दुसऱ्या सत्रातल्या कुणाच्या तरी चित्रपटावरची चर्चा कापली जाते.

ती चर्चा कापू नका. प्रत्येक चित्रपटाला पाच मिनिटे, सत्र संपल्यावर, दिग्दर्शकासोबत कॅमेरामन, संकलक आणि ध्वनिमुद्रक मंचावर. पहिला प्रश्न चर्चा चालवणाऱ्याने एका विशिष्ट दृश्यावर विचारावा. ‘प्रेरणा कुठून मिळाली’ विचारले तर साचेबंद उत्तर येते आणि चर्चा तिथेच बसते. बक्षिसे ध्वनी, संकलन आणि छायांकनालाही ठेवा. ध्वनिमुद्रकाला कुणी टाळ्या देत नाही, आणि म्हणूनच विभागात त्या कामाला मुले तयार होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षकांचे लेखी शेरे आणि प्रदर्शनाची तारीख, ठिकाण नोंदवलेले पत्र द्या. अनेक महोत्सव आधीच्या प्रदर्शनांची माहिती विचारतात, काही पहिल्याच प्रदर्शनाची अट घालतात. लॅपटॉपवरच्या प्रती पुसा, आणि मूळ प्रती विद्यार्थ्यांच्या लेखी परवानगीने विभागाच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. दमट हवेत त्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात हव्यात, आणि दर पावसाळ्यानंतर दोन्ही उघडून तपासायला हव्यात.