लेकराच्या एडीएचडीसाठी शाळेत अर्ज दिला, तेव्हा फरक पडला

परभणीत आम्ही लेकराच्या एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, एका जागी बसवत नाही असा त्रास) बाईंना तोंडीच सांगायचो. वर्ग बदलला की पुन्हा पहिल्यापासून! शेवटी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दिला, डॉक्टरांचा अहवाल जोडला, पोच घेतली. मागण्या मोजक्या: पहिला बाक, तोही खिडकीपासून लांब, वहीत गृहपाठ उतरला का ते बाईंनी बघावं, तास चालू असताना फळा पुसायला, वह्या वाटायला उठू द्यावं. या उठण्यानंच लेकरू सगळ्यात जास्त सावरलं.

एक ध्यानात ठेवा: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्र नाही, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात येणारी अडचण) मात्र आहे. दोन्ही बऱ्याचदा सोबत असतात. म्हणून अध्ययन अक्षमतेचीही चाचणी करून घ्याच. तिच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.