दोन-तीन एकराच्या पेरणीला ट्रॅक्टर घ्यायचा तर

वर्षातनं दोनदाच पेरणी असेल तर आधी भाड्याचा हिशोब करा, पण ऐन वापश्यावर (पावसानंतर रान पेरणीजोगं झालं की) गावातला ट्रॅक्टर मिळतच नसेल (आणि तेव्हा कुणालाच मिळत नाही) तर घरचा घ्यायला हरकत नाही. त्यासाठी ४५-५० एचपीचं धूड नको, १५ ते २५ एचपीचा मिनी बास. १५ मध्ये महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ बघा, काळं चिकट रान असेल तर मात्र २० च्या पुढचा, फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकं ओढणारा) मिळाला तर उत्तमच. बागेत घालणार असाल तर रुंदी ओळीत जाऊन मोजा, शोरूममध्ये नाही.

जुना घेताना इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवला असेल तर काहीतरी लपवतोय समजा. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसलं की त्यात पाणी गेलंय, तिथूनच परत फिरा. मग लिफ्टला पेरणी यंत्र लावून वर उचला, इंजिन बंद करा, दहा मिनिटं चहा घ्या, तेवढ्यात यंत्र भुईला टेकलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार, तेवढे पैसे भावातनं कापा. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी (बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला) हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.