लोकर कातताय, विणताय? या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

पहिला स्वेटर मी दादाच्या पोराला विणला. घरच्या मेंढरांची लोकर, स्वतः धुतलेली, स्वतः कातलेली, काळाभोर रंग, बघणारा म्हणायचा काय भारी झालाय ओ. बारशाला घातला आणि दहा मिनिटांत पोरगं रडून लालबुंद, गळ्याभोवती चट्टे, आणि वहिनीनं काही न बोलता तो काढून बाजूला ठेवला. बोलली असती तर परवडलं असतं.

माझं माहेर सांगोला तालुक्यात, तिथं साठेक मेंढरं आहेत, सासर इथं सोलापुरात, अक्कलकोट रोडला, जिथं रात्रंदिवस लूमचा खडखडाट. म्हणजे एका घरात लोकर, दुसऱ्या घरात सूत, आणि मधे मी टकळी घेऊन बसलेली. इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली, सुयांवर दिसणारी चूक बहुतेक वेळा सुयांवर झालेलीच नसते. ती मागं कुठंतरी झालेली असते, बादलीत, टकळीवर, नाहीतर थेट मेंढराच्या पाठीवर. म्हणून तिथूनच सुरू करते.

कातरणीतच अर्धा खेळ

आमच्या दख्खनी मेंढरांची कातरणी वर्षातून दोनदा होते. दोन्ही मिळून एका मेंढरामागं अर्धा-पाऊण किलो लोकर, तीही धुवायच्या आधीची. लोकरीला भाव नाही, त्यामुळं कातरणाऱ्याला घाई असते, आणि घाईत काय होतं, कातर एकदा वरून फिरते आणि राहिलेलं खुंट काढायला परत खालून फिरते. त्या दुसऱ्या फेरीत निघतात बोटाच्या पेराएवढे तुकडे. ते लांब लोकरीत मिसळले की संपलं, पेळूत (कातायला वळलेल्या पिंजलेल्या लोकरीच्या वातीत) गुठळ्या, सुतात गुठळ्या, आणि विणल्यावर काखेत बोंडं (लोकरीचे बारके गोळे) येतात ती याचीच. मी आता दादाला सांगून ठेवलंय, दुसऱ्या फेरीचं वेगळ्या पोत्यात टाक, गादी-उशीत भरायला होतं.

पाठीवरची, खांद्यावरची लोकर त्यातल्या त्यात बरी. पोटाची आणि पायाची वेगळी काढायची, कारण तिथं लेंड्या चिकटलेल्या आणि कुसळं. कुसळं! मेंढरं उन्हाळ्यात ज्या रानात बसवलेली असतात (शेतकरी लेंडीखतासाठी बोलावतातच) तिथली सगळी कुसळं, गोखरू, बाभळीचे बारके काटे अंगावर घेऊन येतात. धुताना निघतील म्हणून सोडून देऊ नका, निघत नाहीत. कोरडी असतानाच वर्तमानपत्रावर पसरून हातानं वेचायची. कंटाळवाणं आहे, टीव्ही लावून बसा.

आणि ओली मेंढरं कातरू नका. आमच्याकडं कातरणीच्या आधी ओढ्याला धुवून आणतात, ते चांगलंच आहे, पण पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर पोत्यात भरलेली लोकर आतून तापते आणि कुबट वास धरते, तो वास नंतर जात नाही.

धुणं, इथं सगळ्यात जास्त वाट लागते

पहिल्यांदा मी काय केलं, अर्धा किलो लोकर बादलीत टाकली, उकळतं पाणी ओतलं, कपड्याची पावडर घातली आणि सतरंजी धुतात तशी तुडवली. मग थेट नळाखाली धरली. पिळून बघते तर लोकर नाहीच, एक सलग जाड पोळी! नमदा (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड) करायचा असेल तर हीच रीत आहे, पण मला स्वेटर करायचा होता. त्या पोळीचा एक तुकडा अजून आमच्या किचनमधे आहे, कुकर उतरवायला.

का होतं असं? लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात ते कायमचेच. म्हणजे नुसत्या गरम पाण्याला घाबरायचं कारण नाही, घाबरायचं ते हलवण्याला. गरम पाणी तर लागतंच, कारण लोकरीतला मेणचट पदार्थ, लॅनोलिन, साधारण ४० अंशाच्या आसपास वितळतो, गार पाण्यात धुतली तर माती जाईल, चिकटपणा राहील आणि कातताना बोटं चिकटतील.

मी आता असं करते. हात बुडवल्यावर चटका बसेल इतपत पाणी, ६० अंश धरा, त्यात रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी. लोकर जाळीच्या पिशवीत (भाजीची चालते) भरून अलगद दाबायची आणि वीसेक मिनिटं हात लावायचा नाही. पाणी कोमट व्हायच्या आत बाहेर काढायची, गार होऊ दिलं की सुटलेलं मेण परत लोकरीवरच बसतं. पुढचं पाणी तेवढंच गरम. असं तीन-चारदा. आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे, साबण वापरला की पांढरा थर राहतो, म्हणून शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. पिळायची नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची.

कपड्याचा सोडा नको, डाग काढणारी एन्झाइमवाली पावडर नको (लोकर म्हणजे प्रोटीन, आणि त्यातली काही एन्झाइम्स प्रोटीनवरच काम करतात), आणि ब्लीच तर चुकूनही नको, त्यात लोकर चक्क विरघळते.

सूत तुटतंय, नाहीतर दोरखंड होतोय

एप्रिल-मेमधे फोन यायला लागतात, ताई लोकर उडतेय, बोटाला चिकटतेय, पेळूतून नीट सुटतच नाही. अगं सोलापूरचा उन्हाळा आहे, पारा ४२-४३ ला आणि हवेत ओल नावाला नाही, कोरड्या लोकरीत वीज खेळते. इथली जुनी मिल १८७७ ला सुरू झाली, या गावाला कापडाचा नाद जुनाच, आणि सुताच्या मिलमधे हवा मुद्दाम दमट ठेवायचे ते सूत तुटू नये म्हणूनच. आपल्याला मिल नको, फवाऱ्याच्या बाटलीनं पेळूवर हलकं पाणी मारा आणि सकाळी आठच्या आत कातायला बसा.

पीळ किती द्यायचा, हे सगळ्यांचं अडतं. हातभर सूत काढा, दोन्ही टोकं जवळ आणा आणि मधला भाग सैल सोडा. काहीच झालं नाही तर पीळ कमी, ओढलं की सुटणार. आपोआप दोन-चार वेढे घेऊन लोंबला तर ठीक. बारक्या गाठी गाठी होऊन गुरफटला तर जास्त झालाय, त्याचं विणलेलं पत्र्यासारखं लागतं.

माझी मोठी चूक याच्या पुढची. आज्जीनं कातलेल्या सुताच्या लड्या माळ्यावर होत्या, मी त्या सरळ सुयांवर घेतल्या. सगळं विणकाम तिरकं! चौकोन घातला तर समांतरभुज चौकोन. मला वाटलं माझे हात वाकडे. पण आज्जीचं सूत घोंगड्याचं होतं, एकेरी आणि करकचून पिळलेलं, त्याला चिंचोक्याची खळ लावून मागावर ताणायचं असतं, तिथं ताणामुळं पीळ गप्प बसतो. सुयांवर ताण नाही, त्यामुळं तो पीळ आपली दिशा धरतो आणि टाके ओढत नेतो. उपाय सोपा आहे, दोन एकेरी सुतं घेऊन उलट्या दिशेनं एकत्र पिळायची, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्याला मारतो. मग लडी कोमट पाण्यात भिजवून टांगायची. खाली वजन बांधू नका, ताणून वाळवलेलं सूत पहिल्या धुण्याला आकसतं.

अल्पाका आला आणि सगळं उलटं

नणंदेचा मुलगा कंपनीच्या कामाला पेरूला गेला होता, येताना पाव किलो अल्पाकाचा पुंजका घेऊन आला. मऊ तर असा की सासूबाई गालाला लावून बसल्या. मी आमच्या मेंढराचे सगळे नियम त्याला लावले आणि सगळे चुकले.

अल्पाका उंटाच्या कुळातला, अँडीजच्या डोंगरात साडेतीन-चार हजार मीटरवर राहणारा, वर्षातून एकदाच कातरतात. त्याच्या लोकरीत लॅनोलिन जवळजवळ नसतंच, त्यामुळं कडक धुणं लागत नाही, फक्त धूळ, कारण धुळीत लोळायची त्याला हौस. खवले बारीक, म्हणून गुळगुळीत, म्हणून आमच्या दख्खनीपेक्षा पीळ थोडा जास्त लागतो, मी नेहमीचा दिला तर सूत हातातून निसटून पडलं. आणि मेंढीच्या लोकरीत जी स्प्रिंग असते ती याच्यात नाही. मी बिनबाह्यांचं जाकीट विणलं, हँगरला लावलं, आठवड्यानं बघते तर कमरेचं मांडीवर आलेलं. अल्पाकाचं घडी घालून ठेवायचं, काठ एक-दोन नंबर बारीक सुयांवर विणायचा, आणि जमलं तर मेंढीच्या मऊ लोकरीत मिसळूनच कातायचं.

पाकिटावर 'बेबी अल्पाका' लिहिलेलं असतं ते पिल्लाचं नसतं बरं का, बारीक तंतूची प्रत आहे ती, २२ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेला की कातडीला टोचायला लागतो. दादाच्या पोराच्या गळ्याचं कोडं मला इथं सुटलं. दख्खनी लोकर मुळातच जाड, ती घोंगड्याला, जेनाला (लोकरीच्या अंथरुणाला), पिशवीला, वरून घालायच्या जाकिटाला. मंगळवेढ्याकडच्या हुलजंतीच्या यात्रेत खांद्यावर टाकलेलं घोंगडं कुणाला टोचतंय? खाली सदरा असतो ना. मी ती लोकर बारा दिवसांच्या लेकराच्या उघड्या गळ्याला लावली.

दादाला अल्पाकाचा व्हिडिओ दाखवला तर म्हणे आपण दोन आणू का. नको म्हटलं. त्या जनावराला ४३ अंशात उभं करायचं म्हणजे पापच, आणि ते कळपातलं जनावर आहे, एकटं-दुकटं झुरतं.

सुयांवरच्या चुका, थोडक्यात

नमुन्याचा तुकडा न विणता थेट टाके घालणं. पॅटर्नमधे १० सेंटीमीटरला २२ टाके आहेत आणि तुमच्या हाताला २० पडतात, दोनच टाक्यांचा फरक म्हणून सोडलं, तर २०० टाक्यांचा घेर ९१ च्या जागी १०० सेंटीमीटर होतो. तुकडा धुवून, वाळवून मगच मोजा.

हातकताईचं सूत कुठं जाड कुठं बारीक असणारच. एकाच गुंड्यावर विणत गेलात तर पट्टे दिसतात, म्हणून दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा. टाका सुटला तर घाबरून सगळं उसवू नका, क्रोशाच्या सुईनं खालून वर चढवत आणा.

दुकानातली 'लोकर' बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. वाईट नाही, लेकरांना मी आता तीच विणते, पण इस्त्री फिरवू नका. शंका असेल तर एक धागा जाळून बघा, खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख चुरडते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

कसर

कसर म्हणजे लोकर खाणारी कीड, तिच्यामुळं वर्षभराचं काम एका पावसाळ्यात चाळणी होतं. उडणारा किडा खात नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि घामाचा, दुधाचा डाग असेल तिथं आधी. म्हणून न धुता ठेवायचं नाही. कडुनिंबाचा पाला घाला, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नको, तान्ह्यांना त्या धोक्याच्या. हवाबंद पिशवी चांगली, आणि कसर लागल्याची शंका असेल तर पिशवी आठवडाभर फ्रीजरमधे. आमच्या फ्रीजरमधे आत्ता एक आहे, सासूबाईंनी परवा मटण समजून बर्फ सुटायला बाहेर काढून ठेवली होती.