लग्नाला गावी येताय? आधी व्हिसाच्या स्टॅम्पिंगचं बघा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड आणि त्याच खुर्चीत बसून अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज, म्हणजे डीएस-१६०. मी वकील नव्हे. पण गेल्या वर्षभरात नियम इतके फिरलेत, की अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेली पोरं लग्नाकार्याला यायचं ठरलं की आता आधी मला फोन लावतात.

माझा सख्खा भाचा मात्र फोन न करता आला. बहिणीचं लग्न डिसेंबरात, स्टॅम्पिंगची, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायची मुंबईतली मुलाखत १८ तारखेला, परतीचं तिकीट २८चं. सगळं कसं बसवलेलं! हळदीच्या दिवशी मेल आला की मुलाखत थेट मार्चमध्ये. पिवळ्या बोटानं मोबाइल पुढं करत म्हणाला, "मामा, हे खरं आहे का बघा की." खरं होतं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या नवरा-बायकोचा, पोरांचा व्हिसा) वाल्यांचीही सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली, त्यामुळं दिवसाला होणाऱ्या मुलाखती कमी केल्या आणि तारखा पुढं गेल्या. जुन्या तारखेला गेलात तर दारातूनच परत पाठवतील, हेही कळवलं होतं.

म्हणून पहिलं काम: पासपोर्ट उघडा आणि त्यावरच्या व्हिसाची मुदत बघा. आय-७९७ नव्हे, व्हिसा. इथंच निम्मे लोक चुकतात. आय-७९७ म्हणजे तुमचा अर्ज मंजूर झाल्याचा कागद. तो आणि आय-९४ (तिथं कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद) चालू असेल तर व्हिसा संपलेला असूनही अमेरिकेत राहता येतं, कामही करता येतं. पण एकदा बाहेर पडलात की परत शिरायला पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो. परतीच्या तारखेनंतरही व्हिसा जिवंत असेल तर खुशाल या, तांबडा-पांढरा हाणा आणि जा. पुढचं सगळं ज्यांचा संपलाय त्यांच्यासाठी.

पूर्वी दोन पळवाटा होत्या. एक ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीविना कागद टाकून व्हिसा. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीला तो बंद. १४ वर्षांखालच्या पोरांनाही आता साधारणपणे मुलाखतीला न्यावं लागतं. दुसरी, तिसऱ्याच देशात जाऊन शिक्का मारून यायचं. त्याच महिन्यात सांगितलं गेलं की जिथले नागरिक आहात किंवा जिथं राहता तिथंच अर्ज करा. म्हणजे सगळी गर्दी आपल्याकडच्याच पाच ठिकाणी: मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता.

एच-१बीच्या अर्जावर लावलेल्या एक लाख डॉलरचं सगळेच विचारतात. ती रक्कम २१ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या, देशाबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जांना लागू झाली. आधीचा व्हिसा असणाऱ्यांना नाही, आणि अमेरिकेत राहून मुदतवाढ मंजूर झालेल्यांनाही नाही. खरा खड्डा विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांपुढं आहे. ती बदली मंजूर व्हायच्या आधी देश सोडला, तर बदलीची मागणी सोडून दिली असं धरतात आणि मग ती रक्कम कंपनीच्या बोकांडी बसू शकते. अशा पोराला आईनं कितीही रडून बोलावलं तरी मी सांगतो, व्हिडिओ कॉलवर अक्षता टाक.

मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. तारीख फुकट बदलता येते ती एकदाच; त्यानंतर बदलली किंवा चुकवली तर व्हिसा फीचे २०५ डॉलर पुन्हा भरा. ऑफिसला आधीच लेखी विचारून ठेवा की अडकलो तर भारतातून काम चालेल का. भाच्यानं विचारलं नव्हतं. रजा संपली, मग बिनपगारी.

डीएस-१६० भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच, वडिलांच्या नावासकट. नव्या सुनेचा एच-४ असेल तर माहेरचं नाव 'आधीची नावं' या रकान्यात टाका आणि लग्नाची नोंदणी वेळेत करून दाखला घ्या. हॉलची पावती कुणी विचारत नाही. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती लिहायची आणि प्रोफाइल सगळ्यांना दिसेल असं उघडं ठेवायचं. भाच्याला दोनच आठवत होती. मी म्हटलं, तालमीच्या फुटबॉल मॅचचे व्हिडिओ कुठं टाकायचास? तेव्हा तिसरं निघालं. लिंक्डइनवरचं पद आणि फॉर्मातलं पद एकच आहे का तेही बघा. भाच्यानं लिंक्डइनवर स्वतःलाच बढती दिली होती!

मुंबईत दोन खेपा असतात: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीत कॉन्सुलेटची मुलाखत. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसून सकाळी मुलाखतीला उभं राहायचं धाडस करू नका, गाडीचा काय भरवसा? आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर दोन दिवस आधी निघा. २०१९ला आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला, विसरलात काय? मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा बरोबर कुणीतरी असू द्या. आय-७९७ वरचा पावती क्रमांक कागदावर लिहून घ्या, मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही.

भाच्याचा पासपोर्ट मार्चअखेर आला. पाकीट फोडल्या फोडल्या आम्ही काउंटरवरच व्हिसा वाचला: नाव, जन्मतारीख, कंपनीचं नाव, मुदत. तुम्हीही तसंच करा. आणि पासपोर्टचीच मुदत कमी उरली असेल तर विमानतळावर आय-९४ तेवढ्याच तारखेपर्यंतचं देतात. तिकडं उतरलात की त्याच दिवशी वेबसाइटवरून ते काढून तारीख बघा. भाच्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा इथं पहाटेचे तीन वाजले होते.