‘शुगर आणि वजन दोन्ही उतरवणारं औषध’ अशी बातमी आली की काय बघायचं

फॅमिली ग्रुपवर ही बातमी अधूनमधून येतेच, एक एन्झाइम ब्लॉक केलं आणि शुगर, वजन दोन्ही खाली, आणि लगेच एखादे मामा विचारतात पुण्यात कुठे मिळेल.

आधी एन्झाइमचं नाव शोधा. नावच नसेल तर बातमी सोडून द्या. समजा नाव निघालं पीटीपी-वन-बी. हे एन्झाइम पेशीवरच्या इन्सुलिन रिसेप्टरवरचे (म्हणजे इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या भागावरचे) फॉस्फेट काढून सिग्नल बंद करतं, आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा सिग्नल पण दाबतं, म्हणून ते अडवलं तर दोन्हीकडे फायदा व्हायला पाहिजे, लॉजिक चोख आहे.

मग बघा प्रयोग कोणावर झाला. 1999 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले, भरपूर फॅटवालं खाऊन पण ते बाकीच्यांसारखे जाड झाले नाहीत, आणि औषध कंपन्या कामाला लागल्या. पण याचं एक जुळं भावंड आहे, टीसी-पीटीपी, ते नसलेले उंदीर जन्मल्यावर काही आठवड्यांतच मरतात, म्हणजे औषध चुकून तिकडे चिकटलं की वांधे. त्यात या एन्झाइमच्या खाचेत नीट बसणारे रेणू इतके चार्जवाले (विद्युतभार असलेले) निघाले की पेशीत शिरायलाच तयार नाहीत. एर्टिप्रोटाफिब नावाचं औषध माणसांवरच्या ट्रायलच्या फेज 2 म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं आणि फायदा कमी, साइड इफेक्ट जास्त म्हणून तिथेच थांबवलं.

फेज बघायची ती यासाठीच. फेज 1 मध्ये मुख्यतः सेफ्टी बघतात, शुगर किती उतरली हे नंतरचं. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर औषधाचं नाव टाका, भारतात ट्रायलची नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे, फेज आणि कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे ते दिसतं. नोंद आहे म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही हां.

‘फक्त रिसर्चसाठी’ लिहिलेली पावडर ऑनलाइन मिळते, ती अजिबात मागवू नका, आणि बातमी वाचून मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी तर बंद करूच नका.

आणि मामांना एन्झाइम अडवणारीच गोळी हवी असेल तर औषधांचा डबा उघडून बघायला सांगा, सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन असेल तर ती एन्झाइम अडवणारीच आहे, फक्त एन्झाइम वेगळं, डीपीपी-4, पेटंट संपल्यापासून स्वस्त पण झालीये. वजन मात्र तिने उतरत नाही.