व्हिलन सुधारला, प्रेमातही पडला: पटतंय का? अशी घ्या वादसभा

मालिकेतला व्हिलन ‘पॉझिटिव्ह’ झाला आणि नायिकेच्या प्रेमात पडला की घरोघरी दोन तट पडतात. वसंत व्याख्यानमालेमुळे नाशिककरांना गोदाघाटावर बसून दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायची सवय आहेच. त्या सवयीला शोभेल अशी सभा या विषयावर सहज होते. आठ ते बारा माणसं, सोसायटीचा हॉल, दीड तास आणि एक वही एवढं पुरे.

ठराव एक नको, दोन ठेवा. ‘त्याचं सुधारणं आणि प्रेम पटत नाही’ असा जोडठराव घेतला की एक बाजू पश्चात्तापावर बोलते, दुसरी जोडीवर, आणि कुणीच कुणाला उत्तर देत नाही. आधी फक्त ‘त्याचं सुधारणं पटतं’, मग ‘त्यांचं नातं पटतं’. क्रम उलटा केलात तर जोडी आवडली म्हणून माणूसही सुधारला असं सगळे धरून चालतात. ठरावात भाग क्रमांक लिहा: ‘अमुक भागापर्यंत’. मालिका चालू असेल तर आदल्या आठवड्याच्या शेवटच्या भागावर रेघ मारा, नाहीतर कालच्या प्रोमोवरच भांडण पेटतं.

खरं काम वहीत आहे. रकाने चार: भाग क्रमांक, त्यानं काय केलं, त्याची किंमत कुणी मोजली, ते पाहायला कुणी होतं का. चौथा रकाना कधीच वगळू नका. नायिका दाराआडून ऐकत असताना दाखवलेला चांगुलपणा आणि कुणाला कधी कळणारच नाही असा चांगुलपणा, दोन्हींचं वजन सारखं नसतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेतला जेमी लॅनिस्टर या वहीत मांडून पाहा. पहिल्याच भागात तो ब्रॅन या लहान मुलाला बुरुजाच्या खिडकीतून ढकलतो. तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा उजवा हात तोडला जातो, आणि न्हाणीघरात तो ब्रिएन या लढवय्या स्त्रीला सांगतो की वेड्या राजाला आपण का मारलं. हा प्रसंग पाहून पुष्कळांना तो सुधारला असं वाटतं. पण तिथे कळते ती राजाच्या खुनाची बाजू. ब्रॅनचा विषयच निघत नाही. त्याची माफी जेमी मागतो ती आठव्या सीझनमध्ये. म्हणून न्हाणीघराला सुधारण्याचा पुरावा धरू नका, तिथे वाटते ती नुसती सहानुभूती. पुढे हातात शस्त्र नसताना तो ब्रिएनसाठी अस्वलाच्या खड्ड्यात उडी घेतो, तो प्रसंग मात्र ‘किंमत’ या रकान्यात जातो. आणि शेवटी तो ब्रिएनला सोडून सर्सीकडे, म्हणजे जिच्याशी त्याचे आधीपासून संबंध होते त्या आपल्या जुळ्या बहिणीकडे, निघतो, हे दुसऱ्या ठरावातल्या विरोधी बाजूच्या हाती आयतं कोलीत.

सक्ती आणि निवड वेगळी काढा. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेत बफी ही नायिका, आणि स्पाइक हा आत्मा नसलेला रक्तपिपासू व्हॅम्पायर. त्याच्या डोक्यात चौथ्या सीझनमध्ये चिप बसवतात, माणसाला इजा करायला गेला की त्यालाच वेदना होतात. ही वेसण झाली, सुधारणा नव्हे. सहाव्या सीझनच्या अखेरीस, २००२ मध्ये, तो स्वतःहून कठीण परीक्षा देऊन आत्मा मिळवतो, ती निवड. पण त्याच्या थोडंच आधी त्यानं बफीवर बळजबरीचा प्रयत्न केलेला असतो. म्हणजे एकच पात्र पहिल्या ठरावात तारून नेता येतं आणि दुसऱ्यात बुडतं. दोन ठराव हवेत ते यासाठीच.

‘वाल्याचा वाल्मीकी होतोच की!’ हे कुणीतरी म्हणणारच. उत्तर तयार ठेवा: घरच्यांनी पापात वाटा नाकारल्यावर वाल्या अंगावर वारूळ चढेपर्यंत बसून राहिला, आणि त्या बदल्यात त्याला कुणाचं प्रेम मिळालं नाही. दाखला पहिल्या ठरावाला चालेल, दुसऱ्याला नाही.

नात्याच्या ठरावात नायिकेकडून सुरुवात करा. तिनं माफ केलं हे तिच्याच तोंडून कधी ऐकलं? माफी आणि प्रेम यांत किती भाग गेले? लग्न, कर्ज किंवा त्याच घरात राहण्याची सक्ती असेल, तर तिला नकार द्यायची मोकळीक होती का? तिनं नकार दिलेला भाग शोधा आणि त्यापुढचे तीन भाग पाहा. नकारानंतरही तो तसाच नीट वागत असेल तर तुमचा पुरावा भक्कम आहे.

सभा बिघडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. पार्श्वसंगीत आणि देखणा नट: संवाद कागदावर उतरवून सपाट आवाजात वाचा, निम्मी जादू उतरते. सहा वर्षांचा लीप: मधल्या काळात तो बदलला हा फक्त दावा, लीपनंतर जे दिसलं तेवढंच धरा. ‘टीआरपीसाठी फिरवला’: त्यानं लेखकानं असं का केलं ते कळतं, ते पटतं की नाही ते ठरत नाही. हा मुद्दा बादच करा.

वेळ अशी: प्रत्येक ठरावाला चार वक्ते, प्रत्येकी ५ मिनिटं; पहिली घंटा चौथ्या मिनिटाला. दोन्ही बाजूंना ३-३ मिनिटं प्रत्युत्तर, मग १० मिनिटं खुली चर्चा. असे ३६ मिनिटांचे दोन डाव, मध्ये १० मिनिटं चहा, उरलेली ८ मतमोजणीला. प्रत्येक ठरावावर चिठ्ठ्या आधी आणि नंतर घ्या. नंतरच्या चिठ्ठीवर कौलासोबत तो कौल ज्या भागावरून दिला त्याचा क्रमांक हवा. क्रमांक नसेल तर चिठ्ठी बाद. बरोबरी झालीच तर सर्वाधिक चिठ्ठ्यांवर आलेला भाग तिथेच पुन्हा लावा आणि फेरमतदान घ्या.