भाऊ परदेशात, फ्लॅट डोंबिवलीत: पीओए करताना

डोंबिवलीचा फ्लॅट विकताना ह्यूस्टनच्या भावाने पाठवलेल्या पॉवर ऑफ अॅटर्नीचा (पीओए, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र) मी घोळ घातला होता. आता गावची जमीन विकायला काढायचीय, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

एकच व्यवहार असेल तर जनरल (सगळ्या कामांची) पीओए नको, स्पेशलच (त्या एका कामापुरती) करा. मसुद्यात नुसतं 'विक्रीचे सर्व अधिकार' लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, करारावर सही, सब-रजिस्ट्रारसमोर कबुलीजबाब, पैसे कोणाच्या खात्यात, सगळं वेगवेगळं लिहा. फोटो, पासपोर्ट, पॅन लागतंच. सही तिकडच्या नोटरीपुढे आणि मग भारतीय कॉन्सुलेटचं अटेस्टेशन किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का). स्कॅन चालत नाही, ओरिजिनलच मागवा.

आता मी विसरले ते. परदेशातला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. तीन महिने! सहीच्या तारखेपासून नाही, इथे मिळाल्यापासून. मी पाकीट उघडलं, वाचलं आणि गिऱ्हाईक मिळालं की बघू म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलं, गिऱ्हाईक आलं पाचव्या महिन्यात, मग दंड, हेलपाटे, तोवर त्यांच्या होम लोनची मुदत संपली आणि त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. दंडाचं काही नाही हो, गिऱ्हाईक गेलं. म्हणून गिऱ्हाईक असो नसो, मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अॅडज्युडिकेशन (किती ड्युटी लागते ते ठरवणं) करून घ्या. भाऊ-बहीण, आईवडील, नवरा-बायको असं जवळचं नातं असेल आणि मोबदला नसेल तर ५०० रुपयांत होतं, परक्याला विक्रीचे अधिकार दिले तर खरेदीखताइतकी ड्युटी बसते. कुरिअरचं पाकीट फेकू नका, कागद कधी आला त्याचा तोच पुरावा. पाकिटावरच मोठ्या अक्षरात शेवटची तारीख लिहा. तीन महिने.

पीओए देणारे आईवडील इथेच असतील तर दस्त नोंदवायला नुसती नोटरी पुरत नाही, सब-रजिस्ट्रारसमोरच करावी लागते. अंथरुणाला खिळले असतील तर अर्ज केल्यावर सब-रजिस्ट्रार घरी येतात. पण टाळाटाळ नको. देणारा गेला किंवा त्याचं भान हरपलं की पीओए तिथेच संपते. डिमेन्शिया झाल्यावर 'सही आधीच घेतलीय' म्हणून काही उपयोग नाही, कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो.

नुसत्या पीओएवर घर विकत घेऊ नका, मालकी मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय.

नोंदणीच्या दिवशी ओरिजिनल आणि देणारा हयात आहे, पीओए रद्द केलेली नाही असं घोषणापत्र. काम झालं की रद्द करा, बँकेला कळवा.

आणि कुरिअर आलं असेल तर आत्ता उठून पाकिटावर तारीख लिहा.